सॉसेज रोल घरी करताना काय काय झालं? (अनुभव धागा)

लीड्सवाली

गेल्या शनिवारी लेकीच्या वर्गाच्या पार्टीला चोवीस सॉसेज रोल न्यायचे होते. त्यात काय, पफ पेस्ट्रीत सॉसेज गुंडाळायचं, असं म्हणत सकाळी अकराला हात घातला. दीड वाजता ट्रे बाहेर काढला तर निम्मे रोल शिवण उसवलेल्या उशीसारखे उघडे पडलेले. वरून सोनेरी, उलटून बघितले तर बूड पांढरं आणि चिकट, खाली चरबीचं तळं. नवरा म्हणाला, "चव चांगली आहे हं." म्हणजे कळलंच.

एक चूक पाकीट वाचून सापडली. हौसेनं ९७ टक्के मांसाची महागडी पोर्क सॉसेज आणली होती, सालं सोलून आतलं सारण काढलं. इंग्लंडात ४२ टक्के डुकराचं मांस असलं तरी पोर्क सॉसेज म्हणून विकता येतं. बाकी रस्क, पाणी, मसाला. आपण रस्कला भेसळ समजून नाक मुरडतो, पण भाजताना सुटणारा रस तोच पितो. माझ्या सारणात पिणारं कुणी नव्हतंच, सगळं बुडाशी गेलं. ४०० ग्रॅमला दोन मुठी ब्रेडचा चुरा घातला असता तरी भागलं असतं.

दुसरी चूक आईनं फोनवर पकडली. आई साताऱ्याची, सॉसेज रोल तिनं जन्मात पाहिलेला नाही. मी सांगत होते, फेटलेलं अंडं ब्रशनं सगळीकडून लावलं, कापलेल्या कडांनासुद्धा. ती मध्येच म्हणाली, "चिरोट्याच्या कडेला कधी काही चोपडतेस का? पदर चिकटतील की! मग फुलणार कुठून?" साटा लावून, गुंडाळी करून, कापून, पदर वर येतील असं लाटायला याच बाईनं मला शिकवलं होतं. पफ पेस्ट्री म्हणजे दुसरं काय आहे?

तर ज्यांनी केलेत त्यांनी लिहा. कृती नकोत, त्या ढिगानं मिळतात. फसलं काय आणि मग काय केलंत, ते हवंय. डुकराचंच हवं असं काही नाही.

मेलबर्नची आई

इथे मुलांचा वाढदिवस म्हणजे फेअरी ब्रेड (लोणी लावून वर रंगीत साखरगोळ्या पेरलेला ब्रेड), सॉसेज रोल आणि टोमॅटो सॉस. पेस्ट्री गोठवलेल्या चौकोनी तावांत मिळते, मधोमध कापली की दोन पट्ट्या. इतकं सोपं काम मी दोनदा बिघडवलं.

पहिल्यांदा चिकन ब्रेस्टचा खिमा घेतला. भुसा! मुलांनी पेस्ट्री सोलून खाल्ली आणि आतल्या कांड्या कुंडीत सापडल्या. आता मांडीचाच खिमा. दुसऱ्यांदा भाजी पोटात जावी म्हणून झुकिनी किसून घातली आणि पिळायची विसरले. दुधीच्या कोफ्त्याला आपण किस पिळतो ना, मग इथे का नाही सुचलं? गाजराला एवढं पाणी सुटत नाही, त्याचं चालतं.

अजून एक. कच्च्या मांसाचं सारण चाखता येत नाही, म्हणून लिंबाएवढा गोळा तव्यावर परतून मीठ बघते. हे सुचायला एक अख्खा अळणी वाढदिवस जावा लागला.

इथे काही जण रोलवर बडीशेप पेरतात. सासूबाई आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "अगं, ही जेवण झाल्यावर देतात ना?"

ठाणे, ओटीजी, मे महिना

शीर्षकातच सगळं आलं, तरी लिहितो.

पफ पेस्ट्री स्वतः करायची जिद्द होती. २५० ग्रॅम मैदा, २५० ग्रॅम बटर, गार पाणी. स्वयंपाकघरात ३४ अंश. दुसरी घडी घालताना लाटण्याखालून बटर बाहेर आलं आणि ओट्यावरून ओघळून थेट माझ्या पायावर. त्या पिठाच्या शेवटी खारट पुऱ्या केल्या. खारट कारण आपलं पिवळं बटर मुळात खारं, आणि मी वर मीठही घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोळपाट घेऊन बेडरूममध्ये गेलो, एसी लावला, दार बंद. बटर फ्रीजरमध्ये दगड करून मैद्यातच किसलं. दर दोन घड्यांनंतर पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये. बायकोनं दार उघडून पाहिलं, पलंगावर पसरलेला मैदा पाहिला आणि काही न बोलता दार लावून घेतलं. त्या शांततेचे हप्ते अजून फेडतोय. पण पदर सुटले!

मग ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन. रोल वरून करपायला आले तरी बूड कच्चं. आतला छोटा थर्मामीटर आणून ठेवला तेव्हा कळलं, काटा २०० वर असताना आत १७० सुद्धा धड नव्हतं. आता काटा पुढे ठेवतो, रिकामा ट्रे वीस मिनिटं आत तापवतो आणि गार रोल बटरपेपरसकट त्या तापल्या ट्रेवर सरकवतो. बुडाला लगेच चटका बसतो, पदर धरतात. लीड्सवाल्या ताई, तुमच्या पांढऱ्या बुडावर हा उपाय करून बघा.

आपल्याकडची गोठवलेली चिकन सॉसेज बहुतेक आधीच शिजवलेली असतात. ती अख्खी गुंडाळली तर रोल होत नाही, रजई पांघरलेला पाहुणा होतो. मी खिमाच वापरतो.

घाईवाला

उरलेले मायक्रोवेव्हमध्ये गरम केले. एकदाच.

वसईकरीण

आमच्याकडे हा पदार्थ नाताळातला. पोर्कचा खिमा, बाटलीचा मसाला, थोडा व्हिनेगर. घरी ओव्हन नव्हता, तर मम्मी रोल भरून ट्रे बेकरीत पाठवायची. पावाचा घाणा निघाला की भट्टीची धग जरा उतरते, तेव्हा आमचे ट्रे आत जायचे. नानकटाईचे जातात तसेच.

मी बारा-तेरा वर्षांची असेन. त्या वर्षी सगळे रोल मी एकटीनं भरले होते. चाळीस. काट्यानं कडा अशा दाबल्या होत्या की मुंगी शिरणार नाही. बेकरीवाल्या काकांनी ट्रे हातात घेतला, एक रोल दिव्याच्या उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाले, "पोरी, यांना नाक कुठंय?"

मला काही समजेना. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, मग काय वाटलं कोण जाणे, ती परत ठेवली आणि कोपऱ्यातलं जुनं ब्लेड घेतलं. प्रत्येक रोलच्या पाठीवर दोन तिरक्या चिरा, टक-टक, मिनिटभरात चाळीस. आतली वाफ कुठूनतरी निघणारच, आपण वाट दिली नाही तर ती शिवण फाडून निघते. आणि शिवण नेहमी खाली ठेवायची, रोलच्या वजनाखाली. हेही त्यांचंच.

मम्मी कांदा मात्र कच्चा घालू द्यायची नाही. परतायचा, पूर्ण गार करायचा, मग सारणात. कोमट कांद्यानंसुद्धा पारी आतून घामेजते.

म्हापशाची

शुक्रवारच्या बाजारातून शोरिसांची माळ आणली आणि वाटलं, सॉसेज तयारच आहे, गुंडाळून मोकळं व्हावं. वीस मिनिटांत ओव्हनमधून धूर. लाल तेल ट्रेवरून ओघळून खाली जळत होतं, व्हिनेगरच्या वाफेनं सगळ्यांचे डोळे चुरचुरले, कुत्रा अंगणात पळाला.

नंतर साल काढून, कांदा आणि घोटभर पाण्यात शिजवून, तेल गाळून (ते टाकू नका, दुसऱ्या दिवशी अंडी त्यात केली), उकडलेल्या बटाट्यात कुस्करून भरलं. चांगलं झालं. पण खरं सांगू? शोरीस पावातच शोभतात. पाव ते तेल पितो आणि अजून मागतो. पेस्ट्रीला ते पेलत नाही.

शाकाहारी, एडिंबरा

२०१९च्या जानेवारीत ग्रेग्स या ब्रिटिश बेकरी साखळीनं व्हीगन सॉसेज रोल आणला तेव्हा ऑफिसातले लोक त्यावरून आठवडाभर भांडत होते आणि मी गुपचूप दोन खाऊन आले होते. मग घरी सुरुवात. अर्धा किलो मशरूम बारीक चिरून कोरडे होईस्तोवर परतले की वाटीभर उरतात, हे आधी कुणी सांगत नाही. त्यात कुस्करलेला राजमा, अक्रोडाची भरड, सेजची सुकी पानं, पांढरी मिरी. वरून अंड्याऐवजी दूध. रंग जरा फिका येतो, येऊ दे.

माझा खरा घोटाळा वेगळाच. नवरा मांसाहारी, म्हणून दोन्ही प्रकार एकाच दिवशी केले. ओळखायला एकावर तीळ, दुसऱ्यावर कलौंजी. ओव्हनमधून काढले आणि तीळ कशावर होते तेच आठवेना. शेवटी नवऱ्यानं प्रत्येक ट्रेमधला एकेक खाऊन निकाल दिला. त्याला ही पद्धत फार आवडली, पुढच्या वेळीही तोच विसरलो म्हणत होता.

लीड्सवाली

काल रात्री पुन्हा केले. साधी सॉसेज, ब्रेडचा चुरा, कडा कोरड्या, तापलेला ट्रे, आणि हो, सगळ्यांना नाकं. २०० वर सत्तावीस मिनिटं. चोवीसातला एकच फुटला, तो मी ओव्हनपाशीच उभ्यानं खाल्ला, जीभ भाजली. आईला फोटो पाठवला तर तिचं उत्तर, "पदर दिसतायत. आत काय आहे ते सांगू नकोस."

आता पुढच्या महिन्यात साठ करायचेत. आधी करून फ्रीजरमध्ये टाकता येतात का?

मेलबर्नची आई

टाक की. न भाजता, ट्रेवर सुटे सुटे गोठव, कडक झाले की पिशवीत. चिरा आधीच देऊन ठेव, दगडाला नाक पाडता येत नाही. भाजताना फ्रीजरमधून थेट ओव्हनमध्ये, दहा मिनिटं जास्त. वितळू द्यायचे नाहीत. वितळले की परत आईला फोन.