विमान कंपन्या कार्बन बाजारात आल्या तर टनांचा हिशेब धरायचा कुठं?

जालना_एनर्जी_ऑडिट

नमस्कार मंडळी. फर्नेस आणि रोलिंग मिलचं 'पॅट'चं (कारखान्यांना ऊर्जाबचतीची लक्ष्यं देणाऱ्या सरकारी योजनेचं) काम करणाऱ्यांना एक सवय लागलेली असते. गेटच्या आत किती ऊर्जा आली, गेटबाहेर किती माल गेला, भागाकार करायचा की झालं. जून २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेतही लक्ष्य दर टन मालामागं किती उत्सर्जन, असंच आहे. पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खत, कापड, रिफायनरी धरून तिच्यात नऊ क्षेत्रं आहेत, विमान वाहतूक नाही. युरोपनं मात्र २०१२ पासूनच विमानं आपल्या बाजारात घेतली.

उद्या आपल्याकडंही घ्यायची ठरली तर मला तीन गोष्टी समजून घ्यायच्यात. विमानाला गेट नाही, मग इंधन मोजायचं कुठं? लक्ष्य एकूण टनांवर ठेवायचं की टन-किलोमीटरवर (किती वजन किती अंतर नेलं, त्यावर)? आणि चिकलठाणा (संभाजीनगरचा विमानतळ), नांदेड, लातूर इथल्या आखूड मार्गांवर किती बोजा पडेल? कृपया आकड्यांसकट सांगा, मोघम नको.

टाकी_ते_टाकी

भाऊ, विमानाचं गेट म्हणजे त्याची टाकी. धुराड्यात काही मोजायचं नसतं. एक किलो जेट इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड, हा गुणक 'कोर्सिया'त, म्हणजे आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या कार्बन योजनेत, ठरलेला आहे (युरोपनं सुरुवात ३.१५ वर केली होती). म्हणजे सगळा प्रश्न किती किलो जळलं एवढाच उरतो, आणि चुका तिथंच होतात.

मान्य पद्धती पाच आहेत, त्यातली 'पद्धत ब' मला सगळ्यात भरवशाची वाटते. मागचं उड्डाण संपून चाकांना चोक (अडसर) लागले तेव्हा टाकीत उरलेलं इंधन, अधिक या उड्डाणासाठी भरलेलं, वजा हे उड्डाण संपून चोक लागले तेव्हा उरलेलं. मुंबई-चिकलठाणा घ्या, एअरबस ए-३२०, आकडे उदाहरणापुरते. मुंबईत आधीचे उरले ३,१०० किलो. भरलं ५,१२५ लिटर, घनता ०.८० धरून ४,१०० किलो. चिकलठाण्याला उतरल्यावर उरले ५,१०० किलो. जळले २,१०० किलो, म्हणजे ६.६४ टन कार्बन डायऑक्साइड. परतीचं इंधन मुंबईहूनच आणल्यामुळं चिकलठाण्यात भरलं शून्य. मुंबईला उतरताना ३,०५० उरले तर जळले २,०५०, म्हणजे ६.४८ टन.

आता घोटाळे. टँकरवाला पावती लिटरमध्ये देतो आणि टेक लॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) नोंद किलोत असते. कुणी ५,१२५ हा आकडा तसाच किलोच्या रकान्यात टाकला तर एका फेरीत (एका बाजूच्या उड्डाणात) १,०२५ किलो इंधन जास्त दिसतं, म्हणजे सव्वातीन टन फुकटचं उत्सर्जन माथी. दुसरा घोटाळा घनतेचा. पावतीवर बऱ्याचदा १५ अंश तापमानाची घनता असते. मे महिन्यात ४२ अंशाला तेच इंधन फुगतं आणि ०.८० चं साधारण ०.७८ होतं. लिटर ४२ अंशाचे आणि घनता १५ अंशाची धरली तर दोन-अडीच टक्के इंधन कागदावर जास्त चढतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही किरकोळ बाब नाही. लिटर आणि घनता एकाच तापमानाची हवी.

तिसरा घोटाळा शेपटीतल्या छोट्या इंजिनाचा, एपीयूचा. विमान उभं असताना एसी आणि वीज त्यावर चालते. ए-३२० मध्ये ते तासाला साधारण सव्वाशे किलो पितं. फक्त निघताना आणि पोचताना टाकी बघणारी जी 'ब्लॉक-ऑफ, ब्लॉक-ऑन' पद्धत आहे, तिच्यात उभ्या वेळेचं हे इंधन गळून जातं. अर्ध्या तासाचे साठेक किलो म्हणजे २,१०० किलोंच्या फेरीत जवळपास तीन टक्के. पद्धत ब मध्ये ते आपोआप पुढच्या उड्डाणावर चढतं. नियम लिहिताना कंपन्यांना पाचही पर्याय मोकळे ठेवले तर कमी आकडा देणारीच पद्धत निवडली जाईल, त्यामुळं माझ्या मते आखूड मार्गांच्या ताफ्याला पद्धत अ (हीच वजाबाकी, पण टाकी इंधन भरून झाल्यावर बघायची) किंवा ब सक्तीची हवी.

नांदेड_धावपट्टी

दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो, कारण मराठवाड्याचं खरं दुखणं तिथं आहे. टन-किलोमीटरचं माप ऐकायला न्याय्य वाटतं, पण आखूड मार्गाला ते मारतं. उड्डाण आणि चढाईत इंधनाचा मोठा वाटा जातो, आणि २८० किलोमीटरच्या मार्गावर तो खर्च वाटून घ्यायला पुढं अंतरच नसतं.

युरोपनं मोफत परवाने (एक परवाना म्हणजे एक टन उत्सर्जनाची मुभा) वाटताना प्रवासी सामानासकट १०० किलो धरला आणि सरळ रेषेतल्या अंतरात ९५ किलोमीटर जास्तीचे मिळवले. २०१३ ते २०२० साठी दर हजार टन-किलोमीटरला ०.६४२२ परवाना. तेच माप चिकलठाणा-मुंबईला लावून बघा. १३५ प्रवासी म्हणजे १३.५ टन. अंतर २८० अधिक ९५ म्हणजे ३७५. झाले साधारण ५,०६० टन-किलोमीटर आणि परवाने सव्वातीन. उत्सर्जन मात्र वर काढलंय तसं ६.६४ टन. निम्म्याहून कमी भागलं. त्याच १३५ प्रवाशांना घेऊन चिकलठाणा-दिल्ली, अंतर साधारण ९८० किलोमीटर. इंधन ४,२०० किलो धरलं तर उत्सर्जन १३.२७ टन आणि परवाने ९.३, म्हणजे सत्तर टक्के भागलं. विमान तेच, माप तेच, तरी मुंबईच्या फेरीची तूट टक्केवारीत जास्त. ९५ किलोमीटरची ती भर आखूड मार्गाला आधार म्हणूनच उपयोगी पडते, पण आपल्या अंतराला ती पुरत नाही.

म्हणून माझं म्हणणं, अंतराचे तीन-चार गट पाडून प्रत्येकाचं वेगळं लक्ष्य ठरवावं.

जालना_एनर्जी_ऑडिट

टाकीचा हिशेब आता स्वच्छ कळला, आभार. मग तिकिटामागं किती पडेल तेही काढून द्या. आणि छोट्या कंपन्यांना सूट कशी बसवतात?

कार्बन_खतावणी

तिकिटाचं सोपं आहे. ६.६४ टन, १३५ प्रवासी, म्हणजे माणशी ४९ किलो. परवाना १,००० रुपये टन धरला तर माणशी ४९ रुपये. ७,००० रुपये धरला तर ३४४. मोफत परवाने मिळाले तरी कंपनी ती किंमत तिकिटात धरू शकते, कारण मोफत मिळालेला परवानाही बाजारात विकता येतो. युरोपनं म्हणूनच मोफत वाटप बंद करत आणलं: २०२४ ला पाव भाग काढला, २०२५ ला निम्मा, २०२६ पासून सगळा लिलाव.

अंतराच्या गटांना माझा विरोध आहे. २८० किलोमीटरला जास्त धूर होतो हेच तर दरातून दिसायला हवं. नांदेड-मुंबई वंदे भारत संभाजीनगरवरून धावत असताना त्याच मार्गावर ए-३२० ला सवलतीचं माप कशासाठी? आखूड मार्गाला संरक्षण द्यायचं तर ते उघड अपवाद म्हणून द्या, मापात लपवू नका.

अपवाद कसे बसवतात ते बघा. युरोपात ५,७०० किलोंहून कमी कमाल उड्डाण वजनाची विमानं बाहेर. वर्षाला १०,००० टनांखालच्या व्यावसायिक कंपन्या बाहेर. एटीआर-७२ ला (साधारण सत्तर आसनांच्या पंख्याच्या विमानाला) एका फेरीत ९०० किलो इंधन धरलं तर २.८४ टन होतात. म्हणजे वर्षाला ३,५०० फेऱ्या, दिवसाला साडेनऊच्या वर, उडाल्याशिवाय ती कंपनी कक्षेत येत नाही. एक-दोन विमानांची कंपनी सुटते. मात्र मोठी कंपनी तेच एटीआर नांदेडला उडवत असेल तर सुटत नाही, कारण मर्यादा कंपनीला आहे, मार्गाला नाही.

मार्गाची सूट वेगळी. सरकारी बंधनाखाली चालणाऱ्या सेवेला मूळ युरोपीय नियमात वर्षाला ३०,००० आसनांची मर्यादा होती. 'उडान'सारख्या (छोटी शहरं जोडणाऱ्या सरकारी योजनेतल्या) मार्गाला ती लावली तर ७० आसनांची रोजची ये-जा ५१,१०० आसनं होते आणि सूट जाते. आठवड्यात तीन दिवसांची सेवा २१,८४० आसनांवर थांबते आणि सूट टिकते. म्हणजे सेवा रोजची केली की बोजा सुरू! लातूरसारख्या ठिकाणी ही मर्यादा ३०,००० ठेवणं चुकीचं होईल, निदान एक रोजची ये-जा तरी बसली पाहिजे.

टाकी_ते_टाकी

हे पटलं. फक्त एक भर: उड्डाण कुणाच्या खात्यावर, हा वाद भाड्याच्या विमानात हमखास होतो. विमान एकाचं, वैमानिक त्याचेच, तिकीट दुसऱ्याचं. उत्तर फ्लाइट प्लॅनच्या सातव्या रकान्यात आहे. तिथं ज्या कंपनीचं तीन अक्षरी संकेतनाम, तिच्या नावावर टन. तिकिटावर कुणाचं नाव आहे याला किंमत नाही.

संभाजीनगर_हवाई_धोरण

'कोर्सिया'शी सांधा कसा जुळतो तेही ध्यानात घ्या, नाहीतर एकच टन दोनदा भरावा लागेल. युरोपनं सुरुवातीला परदेशी विमानांचा सगळा प्रवास मोजायचं ठरवलं होतं. दिल्लीहून पॅरिसला निघालेल्या विमानाचा भारतावरचा धूरही त्यांच्या खात्यात. त्याविरुद्ध सप्टेंबर २०११ मध्ये दिल्लीतच अनेक देशांनी संयुक्त जाहीरनामा काढला. २१ डिसेंबर २०११ ला युरोपीय न्यायालयानं नियम वैध ठरवला, तरी नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपनं बाहेरच्या उड्डाणांपुरतं घड्याळ थांबवलं, म्हणजे अंमलबजावणी स्थगित ठेवली. पुढं ऑक्टोबर २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं 'कोर्सिया' मंजूर केली.

ती फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांची. इंधनाची नोंद २०१९ पासून सुरू आहे, भारतासाठी भरपाईचं बंधन २०२७ पासून. पायरेषा, म्हणजे जिच्या वरच्या उत्सर्जनाची भरपाई कार्बन क्रेडिट घेऊन करायची ती, आता २०१९ च्या उत्सर्जनाच्या ८५ टक्के. म्हणून आपल्या योजनेत फक्त देशांतर्गत फेऱ्या घ्याव्यात आणि वाटणी विमानावर न करता फेरीवर करावी. एकच विमान सकाळी चिकलठाणा-मुंबई आणि दुपारी मुंबई-दुबई करतं. पहिली फेरी देशी खात्यात, दुसरी 'कोर्सिया'त. पद्धत ब मध्ये फेरीनिहाय आकडा असतोच, त्यामुळं वेगळी मोजणी लागत नाही. महिन्याचं इंधन बिल धरून बसलात तर मात्र ही वाटणी कधीच जमणार नाही.

ऊस_आणि_पाणी

मूळ प्रश्नात नव्हतं, पण साखर कारखानदारीमुळं मराठवाड्याचा थेट संबंध येतो म्हणून लिहिते. इथेनॉलपासून विमानाचं इंधन बनतं आणि केंद्रानं आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ ला एक टक्का, २०२८ ला दोन, २०३० ला पाच टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलंय. 'कोर्सिया'त अशा इंधनाचं उत्सर्जन शून्य धरत नाहीत. शेतापासून टाकीपर्यंतचं मोजतात आणि दर मेगाजूलला ८९ ग्रॅम या साध्या इंधनाच्या आकड्याशी ताडून बघतात. किमान दहा टक्के घट लागते. शिवाय १ जानेवारी २००८ नंतर जंगल किंवा पाणथळ मोडून केलेल्या जमिनीवरचा कच्चा माल चालत नाही.

या सूत्रात पाण्याचा आकडा नाही. उसाचा टन कागदावर उत्तम दिसेल आणि मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात टँकर फिरत राहतील. आपली योजना लिहिताना रस आणि सिरपपासूनच्या इंधनाला वेगळं आणि बगॅस, पऱ्हाटी यांसारख्या उरलेल्या मालाच्या इंधनाला वेगळं श्रेय द्यावं, असं मी ठामपणे म्हणते.

जालना_एनर्जी_ऑडिट

ताई, हा मुद्दा ध्यानातच आला नव्हता. शेवटचं एक: पावतीवर घनतेचा रकाना कोरा असेल तर ती फेरी बाद धरायची का?

टाकी_ते_टाकी

बाद नाही. ०.८ किलो प्रति लिटर ही प्रमाण घनता वापरा आणि शेजारी तसं लिहा. मात्र अशा पावत्या वेगळ्या मोजत चला. नोंदी तुटलेल्या फेऱ्या पाच टक्क्यांवर गेल्या की 'कोर्सिया'त खुलासा द्यावा लागतो. पडताळणी करणारा मार्चमध्ये येतो, तेव्हा मेमधली पावती शोधून सापडत नाही. पावतीचा फोटो त्याच दिवशी टेक लॉगच्या पानासोबत चढवून ठेवा.