मदत हवी आहे: शेततळ्यातलं नीलहरित शेवाळ एकदम न मारता कसं उतरवावं?

रावेर भागातलं ३०×३०×३ मीटरचं, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं; मासे रोहू-कटला. वारा ढकलतो त्या काठाला सांडलेल्या रंगासारखी हिरवी साय जमते, बहुधा मायक्रोसिस्टिस, म्हणजे नीलहरित शेवाळाचाच एक प्रकार. पाण्याचा गढूळपणा मोजायची सेक्की तबकडी १२ सेंमीवरच दिसेनाशी होते, हवी २५ ते ४०. सामू (पीएच) पहाटे ७.८, दुपारी चारला ९.३. पहाटे विरघळलेला ऑक्सिजन लिटरला जेमतेम २.५ मिग्रॅ, कारण रात्री शेवाळही तोच ओढतं. शेण आणि सुपर फॉस्फेट बंद, खाद्य निम्मं, रात्री एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) चालू.

पाण्याची क्षारता लिटरला २०० मिग्रॅ, म्हणजे क्षारता भागिले १०० या हिशोबाने शेवाळ मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) लिटरला २ मिग्रॅ बसतं. पण सगळं शेवाळ एकदम मेलं तर ते कुजवताना जिवाणू उरलासुरला ऑक्सिजनही संपवतील, वर अमोनिया सुटेल. चढ्या सामूला तो जास्तच विषारी. कागदी तळ्यात तळाचा गाळ नाही, त्यामुळे अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणूही कमीच.

मोरचूद एक तृतीयांश तळ्यातच टाकावं का? पुढचा हप्ता किती दिवसांनी? की फक्त साय जाळीने ओढून थोडं पाणी केळीला सोडावं? चंदेऱ्याने, म्हणजे सिल्व्हर कार्पने, हे शेवाळ कुणाकडे खरंच कमी झालंय का? चुना मात्र सुचवू नका, सामू आधीच चढलाय.