'मागे' म्हणजे आधी की नंतर?

प्रश्न : पुतणीने काल मला अडवलं. 'मागे एकदा आपण त्र्यंबकला गेलो होतो' यात 'मागे' म्हणजे आधी. मग आजी 'तुम्ही व्हा पुढे रामकुंडावर, मी मागाहून येते' म्हणते, तेव्हा तेच 'मागे' नंतरचं कसं होतं? जन्म पंचवटीत गेला, हे दोन्ही रोज बोलते, पण उत्तर देता आलं नाही.

प्रतिसाद : मुलीने नेमकं पकडलंय! पाठ कोणाची, ते बघा. 'मागे एकदा' म्हणताना बोलणारा काळाच्या वाटेवर एकटा चालतोय, जे होऊन गेलं ते त्याच्या पाठीशी राहिलं. 'मागाहून' मध्ये वाटेवर दोघं आहेत, आणि जो मागे तो उशिरा पोचणार. तिला निवृत्तिनाथांच्या पालखीचं उदाहरण द्या. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघालेल्या वाटेत जे गाव पुढच्या दिंडीला सकाळी लागतं, ते मागच्या दिंडीला दुपारी. म्हणजे पुढची दिंडी आधीची, पण पुढचा आठवडा अजून यायचाय.

प्रतिसाद : 'लागतं' वरून आठवलं. इगतपुरी सोडली की कसारा घाट लागतो आणि 7 जूनच्या सुमारास मृग लागतो. घाट जागचा हलत नाही, चालतो आपण, तरी वाक्याचा कर्ता घाटच. मृगाचंही तसंच. हे क्रियापद मला फार आवडतं.

भूतकाळ पाठीशी असणं सगळीकडे सारखं नाही, हेही पुतणीला सांगा. दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पठारावर आयमारा भाषा बोलतात. तिच्यात 'नायरा' म्हणजे डोळा, पुढची बाजू आणि भूतकाळही. गेलेलं वर्ष त्यांच्या डोळ्यांसमोर असतं, येणारं पाठीमागे. बोलताना हातही तसेच हलतात.

प्रश्नकर्ती : दिंडीचं तिला लगेच पटलं. आता विचारते, आजी 'मागून येते' म्हणाली असती तर?

प्रतिसाद : चाललं असतं, सर्रास म्हणतात. फरक एवढाच की 'मागून' ला जागेचाही अर्थ आहे : मागून हाक मारली, वाड्यात मागून शिरलो. 'मागाहून' मात्र काळाचंच. 'मागून आलेली बस' पाठीमागच्या बाजूने आलेली असू शकते किंवा उशिरा आलेली. 'मागाहून आलेली बस' उशिराच आलेली, मग ती समोरून का येईना.