मदत हवी आहे : दिवंगत निवेदकाच्या आवाजाची कृत्रिम निर्मिती

आमच्या माहितीपटाचे ज्येष्ठ निवेदक ध्वनिमुद्रण पूर्ण होण्यापूर्वीच निवर्तले. उरलेले सुमारे चार मिनिटांचे निवेदन त्यांच्याच आवाजावरून कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करावे, असा निर्मात्यांचा प्रस्ताव आहे. कुटुंबीयांनी तोंडी होकार दिला आहे, परंतु मूळ करारात अशा वापराचा उल्लेखच नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतील अभिनेत्यांच्या ११८ दिवसांच्या संपानंतर झालेल्या करारात डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती आणि मोबदला या अटी आल्या, त्यामुळे केवळ तोंडी होकारावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

ही परवानगी ठरलेल्या वाक्यांपुरतीच राहावी आणि काम संपल्यावर आवाजाचे प्रारूप (त्यांचा आवाज निर्माण करणारे संगणकीय मॉडेल) नष्ट व्हावे, यासाठी संमतिपत्रात कोणती कलमे असावीत? आवाज कृत्रिम असल्याची सूचना प्रेक्षकांना आरंभीच द्यावी, की श्रेयनामावलीत दिलेली पुरेशी ठरते?

मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी बाब वेगळीच आहे. संहिता त्यांनी वाचून मान्य केली होती, पण त्यांच्या निधनानंतर तिच्यातील दोन वाक्ये बदलली गेली. जे शब्द त्यांनी कधी पाहिलेही नाहीत, ते त्यांच्या तोंडी घालण्याचा अधिकार वारसांच्या संमतीने तरी आम्हाला मिळतो का? अशा करारांचा अनुभव असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.