निबंध ६५० शब्दात बसवायचाय, कोण बघेल का?

बी-२०३: मंडळी जरा मदत पाहिजे. आमच्या चिरंजीवांना अमेरिकेत कॉलेजला अर्ज करायचाय, त्या कॉमन ॲपवर (एकच फॉर्म भरून बऱ्याच कॉलेजांना अर्ज जातो ते) निबंध लागतो तो जास्तीत जास्त ६५० शब्दांचा आणि ह्यानं लिहिलाय ९४०, एक शब्द कमी करायला तयार नाही, सगळंच महत्त्वाचं म्हणतो

सी-१०१: दहावीस इकडंतिकडं चालत असतील की ओ

ए-४०२: नाही काका, ६५१वा शब्द घेतच नाही ते. कमीत कमी २५०. विषय काय घेतलाय वहिनी?

बी-२०३: सांगलीचा २०१९ चा महापूर. सहावीत होता तेव्हा

बी-१०४: मग कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पहिलं आलं पाहिजे, तिथनं पाणी वेळेत सोडलं असतं तर

ॲडमिन: दादा अलमट्टी नको 🙏 मागच्या वेळी दोघं ग्रुप सोडून गेलेत

ए-४०२: वहिनी पर्सनलवर पाठवलेला वाचला. पोरानं झकास लिहिलंय पण पहिले दोन पॅरे निव्वळ भूगोल, कोयना, वारणा, कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, इशारा पातळी ४० फूट, धोका ४५, पाणी ५७ च्या वर. हे कुठंबी मिळतं, वाचणाऱ्याला पोरगं कसं आहे ते बघायचं असतं आणि हा सापडतोय पार तिसऱ्या पॅऱ्यात, जिन्याच्या भिंतीवर तासातासाला खडूनं पाण्याची रेघ मारून शेजारी वेळ लिहितोय, रात्री रेघा जवळ जवळ यायला लागल्या तशी आजीला सांगतोय की पाणी मंदावलंय, वरच्या खोलीतली हळदीची पोती हलवू नका. तिथनंच सुरू करा ना!

बी-२०३: तो म्हणतोय पूल काढला तर त्यांना सांगली कळणार कशी

ए-४०२: नदीकाठचं गाव, घरात पाणी शिरलंय, एवढ्या एका वाक्यात कळतंय. आधी असे मोठे तुकडे काढायचे, बारीक नंतर. 'इन ऑर्डर टू' तिथं नुसतं 'टू', ते व्हेरी रिअली सगळे उडवायचे. पण हायफन लावून शब्द चिकटवून आकडा कमी करायचा नाही, लगेच दिसतं ते

डी-३०१: एवढा कशाला खटाटोप, एआयला सांगा ६५० करून दे

ए-४०२: देईल की, आणि खडू जाऊन तिथं 'संकटातून घडलेली जिद्द' येईल 😄 स्वतःच कापू दे. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीला पण भरणार असेल तर तिथं आठ प्रश्नांतले चार निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द, म्हणजे ही सवय लागणारच आहे

बी-२०३: ७१२ वर आलाय ताई. आजी त्याला म्हणाली होती 'तुझ्या खडूवर माझा भरोसा हाय', ते वाक्य काढणार नाही म्हणतोय

ए-४०२: आजीला अजिबात हात लावायचा नाही!! शेवटी ते 'त्या दिवसापासून मी ठरवलं' आहे ना, तिथनं खालचं सगळं काढून टाका आणि परत मोजून सांगा