पीसी स्लो झाला की फॉरमॅट मारायचा, हे कोणी ठरवलं?

गिरगावकर_अजूनही

आमच्या इमारतीत कोणाचाही कॉम्प्युटर लटकायला लागला की कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोन जातो. तो येतो, 'व्हायरस आहे, फॉरमॅट मारावा लागेल' म्हणतो, सगळं पुसून विंडोज नव्याने भरतो आणि जाताना एक क्लीनर (पीसी 'साफ' करणारं सॉफ्टवेअर) टाकून देतो. थोडे दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तोच फोन. मला हा प्रकार मुळातच पटत नाही. भांडायची तयारी ठेवूनच लिहितोय.

माझ्या मते सात-आठ वर्षं जुन्या घरगुती मशीनमध्ये दोष बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. लॅपटॉपमधली डिस्क साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेते. एखादी मोठी फाइल सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला शंभरेक एमबी देते, त्याबद्दल तक्रार नाही. पण विंडोज सुरू होताना सलग वाचत नाही. चार केबी इथून, चार केबी तिथून, अशा बारीक तुकड्यांची रांग लागते. प्रत्येक तुकड्यासाठी डिस्कचा हात सरकणार, तबकडी फिरून योग्य जागा खाली येणार, यात दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला शंभर तुकडे मिळाले तरी खूप. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकतं. फिरती डिस्क तुकडे गोळा करेपर्यंत मात्र प्रोसेसर साधा आय-थ्री असो की महागडा आय-सेव्हन, नुसता बसून असतो.

खात्री करायची तर मशीन अडलेलं असतानाच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि सीपीयू (प्रोसेसर) १०-१५ टक्के दिसला, की फॉरमॅटवर पैसे घालू नका. अडीच इंची साटा (जुन्या डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी लॅपटॉपमध्ये जुन्या डिस्कच्याच जागी बसते. क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याने जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर जसंच्या तसं उतरवता येतं, यालाच क्लोन म्हणतात.

आणि ती क्लीनर सॉफ्टवेअरं काढून टाका हो. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करून वेग वाढत नाही, आणि रजिस्ट्री क्लीनर वापरायला आपला पाठिंबा नाही हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. २०१७ साली तर सीक्लीनर या क्लीनरच्या अधिकृत डाउनलोडमध्येच मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) घुसलं होतं.

कल्याण_स्लो

असहमत. खिशात हात घालायच्या आधी फुकटातले उपाय करायला काय हरकत आहे?

फॉरमॅटने मशीन पळतं ते उगाच नाही. लोकांच्या पीसीवर दोन-दोन अँटिव्हायरस असतात. विंडोज ८ पासून डिफेंडर आतच आहे, तरी वर एक विकतचा आणि त्याच्यावर कुठल्या तरी सीडीबरोबर आलेला. प्रिंटर घरातून गेला तरी त्याचं सॉफ्टवेअर रोज हजर. मीटिंगची तीन ॲप्स, गाणी वाजवायचं एक, सगळी सकाळी एकदम उठतात. हा सगळा गाळ फॉरमॅटने जातो. मी म्हणतो, टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' टॅब उघडून ओळखीचं नसेल ते बंद करा. पुसायचं नाही, फक्त डिसेबल. फॉरमॅट वाचेल आणि एसएसडीसुद्धा.

अजून एक. 'मी रोज शट डाऊन करतो' असं म्हणणाऱ्याने परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' बघावा. कित्येक दिवस दिसतील. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन करूनही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. कोरी सुरुवात हवी तर 'रीस्टार्ट'च करावं लागतं.

गिरगावकर_अजूनही

@कल्याण_स्लो, स्टार्टअपचं मान्य आहे, ते करावंच. पण त्याने सकाळची गर्दी कमी होते, डिस्कचा वेग वाढत नाही. दुपारी अपडेट सुरू झाला की तुमचं मशीन पुन्हा अडणारच.

दादर_डीटीपी

मला दोघांचंही अर्धवट वाटतं. घरून डीटीपीचं काम करते, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल वगैरे. हाच सल्ला ऐकून एसएसडी टाकली. पीसी झटकन सुरू होतो हे खरं, पण कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) उघडं, दोन-तीन पीडीएफ आणि क्रोमचे दहा-बारा टॅब, की परत चिकटतो. दुकानदाराचा पुन्हा तोच मंत्र, फॉरमॅट. रॅम ४ जीबी आहे. आता सांगा, चुकतंय कुठे?

अणुशक्तीनगर_निवृत्त

ताई, तुमचं दुखणं रॅमचं, म्हणजे चालू कामं जिच्यात ठेवली जातात त्या मेमरीचं आहे. आणि गिरगावकर, तुमच्या निदानातली फटही नेमकी इथेच आहे.

डिस्क १०० टक्के हे लक्षण झालं, आजार वेगळा असू शकतो. विंडोज १० किंवा ११ नुसतं उघडून ठेवलं तरी ४ जीबीतली निम्मी जागा जाते. क्रोम साधारणपणे वेगवेगळ्या साइटसाठी वेगळी प्रोसेस चालवतो. सुरक्षेसाठी ते योग्यच, पण त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. रॅम भरली की विंडोज त्यातली पानं (माहितीचे तुकडे) पेजफाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर, नेऊन ठेवतं आणि लागली की परत आणतं. ही ने-आण सुरू झाली की डिस्क १०० टक्के दिसणारच. चार माणसांच्या खोलीत दहा पाहुणे उतरल्यावर जिना कितीही रुंद केला तरी गर्दी खोलीतच राहते. एसएसडी म्हणजे तो रुंद जिना.

म्हणून डिस्कच्या शेजारचा 'मेमरी' रकानाही बघा. ८५-९० टक्क्यांच्या वर अडकलेला असेल तर आधी रॅम. मेमरी निम्मी रिकामी आणि तरी डिस्क १००, असं असेल तर गिरगावकरांचं खरं. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'मेमरी सेव्हर' आहे, तो चालू केला की न वापरलेले टॅब झोपवले जातात. तात्पुरता उपाय आहे, पण फुकट आहे.

मदरबोर्ड डीडीआर३चा की डीडीआर४चा (हे रॅमचे प्रकार) हे बघितल्याशिवाय दुकानात जाऊ नका, एकाची दुसऱ्यात बसत नाही. आणि भाव आधी विचारा. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकलेत, एआयची डेटा सेंटरं बराचसा माल उचलतायत.

दादर_डीटीपी

काका, मेमरी ९१ टक्के. क्रोम बंद केला तर ६०. मिळालं उत्तर, धन्यवाद.

हिशेबनीस_पार्ले

इतका वेळ शांतपणे वाचत होतो. एसएसडी घाला, रॅम घाला, पण कशात घालताय? विंडोज १०चा आधार (मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे २०१७च्या आधीचं जवळपास प्रत्येक मशीन बाद. त्यावर नेटबँकिंग करणार? माझ्याकडे लोकांची जीएसटीची आणि आयकराची कामं असतात. मी सरळ नवीन घेतलं आणि सगळ्यांना तेच सांगतो. जुन्यात पैसे घालणं म्हणजे पागडीच्या खोलीत इटालियन मार्बल बसवणं.

गिरगावकर_अजूनही

पागडीच्या खोलीत राहणाऱ्यालाच हे ऐकवताय! :) मार्बल नाही, पण एसएसडी आहे.

मुद्द्यावर येतो. घरगुती ग्राहकांना नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत विंडोज १०ची सुरक्षा अपडेट मिळतात. शिवाय एसएसडी वाया जात नाही, उद्या मशीन बदललं तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. तुमचं काम लोकांच्या पैशाचं आहे, तुम्ही नवीन घेतलंत ते बरोबर. पण ज्याला विजेचं बिल भरायचंय आणि नातवाचे फोटो बघायचेत, त्यालाही नवा लॅपटॉप घे म्हणणं मला अन्याय वाटतो.

हिशेबनीस_पार्ले

विजेचं बिल भरणाराही बँकेचा पासवर्ड टाकतोच ना? आणि ती मुदत संपल्यावर काय, पुढच्या वर्षी दुसरा धागा?

राणीबागेतला_पेंग्विन

पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह, त्यामुळे माझ्या नावावरून कळलंच असेल मी काय सांगणार. विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली, लिनक्स मिंट, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. किमान २ जीबी रॅम, ४ जीबीत आरामात. टीपीएमची कटकट नाही. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं, डिस्कला हातही लागत नाही, आवडलं तरच बसवा. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो. माझ्या वडिलांच्या पीसीवर तेच आहे. ते मजेत पेपर वाचतात, व्हिडिओ बघतात, आणि 'तुमच्या पीसीत १७ व्हायरस' म्हणणाऱ्या भामट्याने पाठवलेली विंडोजची फाइल तिथे उघडतच नाही.

दादर_डीटीपी

पेंग्विनदादा, माझ्या जुन्या फायली श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या फाँटमधल्या आहेत. सगळीकडे चालणारा युनिकोड नव्हे. तुमच्या मिंटवर कोरल आणि श्रीलिपी बसवून दाखवा, मी पत्रिका फुकट छापून देईन.

राणीबागेतला_पेंग्विन

तुमच्यासाठी नाही म्हणालो ताई, वडिलांसाठी म्हणालो. :(

हिशेबनीस_पार्ले

आणि माझं हिशेबाचं टॅली?

लॅमिंग्टन_रोडवरून

मी रिपेअरिंगमध्येच आहे, ग्रँट रोड स्टेशनच्या बाजूला. सगळ्यांनी डिस्क-रॅम-विंडोज केलं, पंख्याबद्दल एक अक्षर नाही.

मुंबईत दमट हवा, त्यात गल्लोगल्ली रीडेव्हलपमेंटची धूळ. लॅपटॉप उघडला की हीट सिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या) पट्ट्यांवर धुळीचा जाड थर निघतो. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता हीट सिंककडे नेणारा लेप) वाळून खडू झालेली असते. प्रोसेसर तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग उतरवतो. ओळखायचं कसं? चालू केल्यावर थोडा वेळ मस्त चालतो, मग बोंबलतो, पंखा किंचाळतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा 'स्पीड' बघा. भरपूर काम चालू असताना तो 'बेस स्पीड'च्या खाली बसला असेल तर आधी साफसफाई आणि पेस्ट करा. गादीवर ठेवून वापरत असाल तर खालची हवा बंद होते, त्याला मी काही करू शकत नाही.

आता धागाकर्त्यांना. साहेब, फॉरमॅट सांगणारा प्रत्येक जण चोर नसतो. गिऱ्हाईक येतं तेच 'फॉरमॅट मारून द्या' म्हणत. एसएसडी सुचवली की 'पार्ट विकायला बघतोय' म्हणतं. दोन्हीकडून आम्हीच वाईट.

सेकंडहँडचा प्रश्न रोज येतो म्हणून सांगतो. रॅम सेकंडहँड घ्या, समोर लावून टेस्ट करून, चालते. एसएसडी सेकंडहँड नको, तिच्या लिहिण्याला मर्यादा असते आणि आधीच्याने किती लिहिलंय ते तुम्हाला माहीत नसतं. फूटपाथवर स्वस्तात '२ टीबी' म्हणून मिळते ती तर घेऊच नका. आत छोटी चिप घालून खोटा आकडा दाखवणारा माल असतो.

आणि काही स्वस्त लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीची ईएमएमसी (साठवणुकीची) चिप बोर्डवरच झाळलेली, म्हणजे सोल्डर केलेली असते, रॅमही तशीच. एसएसडी बसवायला साटाची किंवा एम-डॉट-टूची रिकामी जागा नसेल तर तिथे पार्ले साहेब म्हणतात तेच बरोबर, पैसे घालू नका.

अणुशक्तीनगर_निवृत्त

हे फार उपयोगाचं लिहिलंत. एक भर घालतो. क्लोन करायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं तर मशीन स्लो असण्याचं कारणही तेच असू शकतं, कारण खराब सेक्टर डिस्क पुन्हा पुन्हा वाचत बसते. अशा वेळी क्लोन, डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं), काही नको. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढा. एसएसडी आल्यावरही डीफ्रॅगच्या नादी लागू नका, तिच्यासाठी लागणारं ट्रिम (पुसलेल्या जागेची आवराआवर) विंडोज आपोआप करतं.

कल्याण_स्लो

म्हणजे फुकटातलं आधी, हेच शेवटी सगळे म्हणतायत.

गिरगावकर_अजूनही

नाही. टास्क मॅनेजर आधी, हे म्हणतायत. स्टार्टअप बंद करून माझ्या मशीनची डिस्क ५४००ची ७२०० झाली नव्हती.

@अणुशक्तीनगर, मेमरीच्या रकान्याचा मुद्दा घेतला, वर लिहायला हवा होता. @लॅमिंग्टन, सगळ्यांना चोर म्हणालो नाही, आमच्या कोपऱ्यावरच्याबद्दल मात्र शब्द मागे घेत नाही. पेस्ट करायला किती घेता ते व्यनि (खाजगी निरोप) करा.

हिशेबनीस_पार्ले

आणि पागडीतल्या पीसीची ऑक्टोबर २०२६नंतर सोय काय, ते अजून सांगितलं नाहीत.

राणीबागेतला_पेंग्विन

मी सांगू का?