सिगारेट सुटली, वजन वाढलं (सोसायटी ग्रुप)

सुनंदा काकू, बी-३०४: ह्यांनी गणपतीत सिगारेट सोडली ते सगळ्यांना माहीत आहे. आता पाच-सहा किलो वजन वाढलंय, जुन्या पँटी होत नाहीत. काल म्हणाले, "या पोटानेच अटॅक येईल, त्यापेक्षा दिवसाला दोन ओढलेल्या बऱ्या." माझा जीव टांगणीला लागलाय. मेधा, तू समजाव गं.

डॉ. मेधा, ए-१०२: काकू, दोनसुद्धा नकोत. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा भरतो. विसाचा विसावा भाग नाही, निम्मा!

अशोक काका, बी-३०४: पण डॉक्टर, वजन हृदयाला वाईट असं तुम्हीच सांगता ना?

डॉ. मेधा, ए-१०२: सांगते, आणि ते खरंही आहे. पण तराजूत दोन्ही घातलं तर सिगारेट फार जड पडते. अमेरिकेत नेमकं हेच तपासलंय. २०१८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात, सोडल्यावर दहा किलोंहून जास्त वाढलेल्या माणसांतही हृदयविकाराने मरण्याचा धोका ओढत राहिलेल्यांपेक्षा बराच कमी होता. निकोटीन भूक मारतं आणि शरीराचा खर्च वाढवतं. ते बंद झालं की वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात, त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांत. म्हणजे काका, तुमचा सगळ्यात अवघड टप्पा मागे पडत आलाय.
साखरेकडे मात्र लक्ष हवं. त्याच अभ्यासात वजन वाढलेल्यांना काही वर्षं मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला, पाच ते सात वर्षांनी सर्वात जास्त, मग उतरला. ज्यांचं वजन वाढलं नाही त्यांना तो वाढला नाही. तेव्हा तीन महिन्यांची सरासरी साखर आणि बीपी तपासून घ्या.

प्रशांत, सी-२०१: काका, रात्रीचं जेवण बंद करा. माझं त्यानेच उतरलं.

डॉ. मेधा, ए-१०२: प्रशांत, त्यांना आत्ता नको. भुकेल्या पोटी तलफ जास्त छळते. जेवण वेळेवर, भाजी-उसळ जास्त, आणि तोंड चाळवायला फरसाणाऐवजी काकडी, बडीशेप, भाजलेले चणे. सुपारी अजिबात नको.

सुनंदा काकू, बी-३०४: आणि चहा? पाच-सहा कप होतो, दोन चमचे साखरेचा.

डॉ. मेधा, ए-१०२: तिथेच वजन येतंय बघा! शिवाय सिगारेटच्या धुरामुळे कॅफीन शरीरातून लवकर निघून जातं. आता ते जास्त वेळ टिकतं, झोप बिघडते, चिडचिड होते, आणि आपल्याला वाटतं तलफच आली. दोन कपांवर या, साखर अर्धी.

विनायक, ए-५०३: काका, मी रोज सकाळी सहाला टेकडीवर जातो. उद्या गेटपाशी थांबतो, हळूहळू जाऊ.

डॉ. मेधा, ए-१०२: उत्तम. चढताना छातीत दडपण आलं तर लगेच थांबायचं आणि मला फोन करायचा. तलफ आवरेनाशी झाली तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, मराठीतही बोलतात.

अशोक काका, बी-३०४: ठीक आहे. विनायक, पावणेसहाला खाली येतो. मेधा, रक्त तपासायला उपाशी यावं लागेल का?

डॉ. मेधा, ए-१०२: तीन महिन्यांच्या साखरेला नाही लागत. टेकडीवरून आलात की नाश्ता करून या.